होम ऑडिओ रिसीव्हर घेण्यापूर्वी तुलना कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिसीव्हर घेण्याच्या विचारात असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे असून पुढचे अधिक अडचणीचे आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिसीव्हर आणि ॲम्प्लिफायर यांत नेमका फरक काय?

ॲम्प्लिफायर दुर्बळ विद्युतसंकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. त्याच खोक्यात रेडिओचा ट्यूनर बसवला की त्याला रिसीव्हर म्हणत. नाव तिथून आले आणि रेडिओ फारसा कोणी ऐकेनासा झाला तरी टिकून राहिले. आजच्या एव्ही, म्हणजे ध्वनी आणि चित्र दोन्ही हाताळणाऱ्या, रिसीव्हरमध्ये याखेरीज आणखी तीन कामे चालतात: अनेक उपकरणांची चित्रे टीव्हीकडे पाठवणे, डॉल्बी किंवा डीटीएस स्वरूपातला ध्वनी उलगडून वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणे आणि खोलीनुसार तो ध्वनी सुधारणे. दोन रिसीव्हरांची तुलना करताना यांपैकी कोणत्या कामासाठी आपण पैसे देत आहोत, हे आधी ठरवावे, कारण बहुतेकांना सगळी कामे सारखी लागत नाहीत.

२. मला फक्त गाणी ऐकायची आहेत. तरी एव्ही रिसीव्हर घ्यावा का?

दोनच स्पीकर असतील आणि पुढे वाढवायचे नसतील, तर स्टीरिओ रिसीव्हर किंवा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (उपकरण निवडण्याची सोय आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात) पुरतो. त्यात न लागणारी पाच-सात चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरसाठीच्या ध्वनीच्या स्वतंत्र वाटा, नसतात, त्यामुळे तेवढ्याच खर्चात वीजपुरवठ्याचा भाग सहसा दणकट मिळतो. मात्र दोन बाबतींत स्वस्त स्टीरिओ रिसीव्हर मागे पडतात. अनेकांत सबवूफरची, म्हणजे खास खर्जाच्या स्पीकरची, जोडणी असली तरी मुख्य स्पीकरांकडे जाणारा खर्ज कापण्याची सोय नसते, आणि खोलीनुसार ध्वनी सुधारणारी यंत्रणाही नसते (प्रश्न १२). खोली लहान किंवा चौरस असेल आणि सबवूफर लावायचाच असेल, तर केवळ संगीतासाठीसुद्धा एव्ही रिसीव्हर घेणे योग्य ठरू शकते. हे मत शुद्धतावाद्यांना रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

३. तुलना कुठून सुरू करू? प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात शंभर ओळी असतात.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एका कागदावर स्वतःच्या घरातल्या गोष्टी लिहा: स्पीकर कोणते, त्यांची संवेदनशीलता किती डेसिबल (प्रश्न ५) आणि इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, किती ओहम, बसण्याची जागा स्पीकरांपासून किती मीटर, रिसीव्हरला कोणकोणती उपकरणे जोडायची, टीव्हीचा ध्वनी रिसीव्हरकडे परत आणणारी जोडणी ईआर्क आहे की साधा आर्क (प्रश्न ११), आणि ज्या कप्प्यात रिसीव्हर बसवायचा त्याची खोली मागच्या वायरींसह किती. एवढे लिहून झाले की शंभरांतल्या पंच्याऐंशी ओळी आपोआप गळतात. स्पीकर अजून घेतलेच नसतील, तर आधी ते ठरवावेत. ऐकू येणाऱ्या फरकाचा मोठा वाटा स्पीकर आणि खोली यांचा असतो, रिसीव्हरचा त्यामानाने थोडा.

४. एकावर १०० वॅट लिहिले आहे, दुसऱ्यावर १५० वॅट. दुसरा जास्त ताकदवान ना?

तसे असेलच असे नाही; कित्येकदा उलटही असते. वॅटचा आकडा ज्या अटींवर मोजला त्या अटी शेजारी लहान अक्षरांत असतात, आणि त्या वाचल्याखेरीज दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. चार गोष्टी पाहाव्यात. मोजताना किती चॅनेल एकाच वेळी चालू होती: एक, दोन की सगळी? भार ८ ओहमचा होता की ६ चा? मोजणी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा पूर्ण पट्ट्यात केली की फक्त १ किलोहर्ट्झवर? आणि ध्वनीत विकृती किती येईपर्यंत आकडा वाढवत नेला: ०.०८ टक्के की १० टक्के? दहा टक्के विकृती म्हणजे कानाला सरळ फाटका वाटणारा आवाज. दोन चॅनेल, ८ ओहम, पूर्ण पट्टा आणि ०.०८ टक्के या अटींवर ८० वॅट देणारा रिसीव्हर एक चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के या अटींवर जवळपास दुप्पट आकडा दाखवू शकतो. खोके तेच, फक्त मोजपट्टी सैल.

ही चलाखी जुनी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणासाठी १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि १ टक्क्यापेक्षा कमी विकृती या अटी नक्की केल्या. तुलना करताना दोन्ही मॉडेलांसाठी ‘दोन चॅनेल, ८ ओहम, पूर्ण पट्टा’ हीच ओळ शोधावी आणि ती सापडत नसेल तर त्या मॉडेलचा आकडा जमेस धरू नये.

आणि समजा दोन्ही आकडे एकाच अटींवर मोजले आहेत, तरी १०० आणि १५० वॅट यांतला फरक जेमतेम पावणेदोन डेसिबलचा असतो. लक्ष देऊन ऐकले तर तो कळतो; मात्र त्यासाठी वरच्या श्रेणीचे मॉडेल घेण्याइतका तो मोठा नाही.

५. मग मला किती वॅट लागतील, हे कसे काढायचे?

तीन नियम पुरेत. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. शक्ती दहापट केली की १० डेसिबल वाढतात, आणि तेव्हा कुठे आवाज साधारण ‘दुप्पट मोठा’ वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात.

समजा स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तो ८७ डेसिबल आवाज देतो. तुम्ही ३ मीटरवर बसता, तेव्हा साडेनऊ डेसिबल वजा होऊन ७७.५ उरतात. साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते, यावरून एका वॅटची ताकद लक्षात यावी. १० वॅटवर ८७.५ आणि १०० वॅटवर ९७.५ डेसिबल मिळतील. प्रत्यक्ष खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी आणि दुसरा स्पीकर यांमुळे थोडे अधिकच मिळते.

आता त्याच जागी ९२ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर ठेवा. तेच ९७.५ डेसिबल गाठायला सुमारे ३२ वॅट पुरतात. म्हणजे स्पीकरमधल्या पाच डेसिबलच्या फरकाने रिसीव्हरची गरज तिपटीहून अधिक कमी केली. म्हणूनच प्रश्न ३ मध्ये स्पीकरचा आकडा सर्वांत आधी लिहायला सांगितला आहे.

६. मागच्या पट्टीवर वीजवापर ४५० वॅट लिहिला आहे आणि जाहिरातीत ‘७ × १५० वॅट’. हे १०५० वॅट येतात कुठून?

सातही चॅनेलांतून सतत १५० वॅट येत नाहीत, हे खरे. एकच वीजपुरवठा सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे पाच किंवा सात चॅनेल एकदम चालवली की प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा बराच खाली येतो. परंतु पट्टीवरचा आकडा हा कमाल वीजवापरही नव्हे. ध्वनी-उपकरणांच्या सुरक्षा-चाचणीत वीजवापर साधारणपणे कमाल शक्तीच्या एक अष्टमांशावर मोजतात, कारण संगीताची सरासरी तेवढीच असते. त्यामुळे पट्टीवरून जाहिरात खोटी पाडता येत नाही. दोन रिसीव्हरांच्या वीजपुरवठ्यांची तुलना करायची असेल, तर वजन हे त्याहून बरे गमक आहे. एबी वर्गाच्या, म्हणजे पारंपरिक, अधिक तापणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या दोन मॉडेलांत चार किलोंचा फरक असेल, तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांमुळे असतो. डी वर्गाच्या, म्हणजे कमी उष्णता निर्माण करणाऱ्या ॲम्प्लिफायरांना मात्र हे गमक लागू पडत नाही.

७. माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत. माहितीपत्रकात ‘६ ते १६ ओहम’ लिहिले आहे. चालतील का?

मध्यम आवाजात, हवेशीर जागी, बहुधा चालतील. मोठ्या आवाजात रिसीव्हर तापून स्वतःला बंद करून घेण्याची शक्यता राहील. इम्पीडन्स जितका कमी तितका विद्युतप्रवाह अधिक लागतो, आणि ‘४ ओहम’ हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात वारंवारतेनुसार तो तीनपर्यंतही उतरतो. असे स्पीकर असतील तर ४ ओहमला स्पष्ट मान्यता देणारे मॉडेल निवडावे.

काही रिसीव्हरांच्या मेनूत इम्पीडन्स ८ वरून ६ किंवा ४ करण्याची सोय असते आणि लोक ती श्रद्धेने बदलतात. ती सेटिंग बहुतेक वेळा स्पीकरांशी काहीही ‘जुळवत’ नाही. ती आतला विद्युतदाब कमी करते, त्यामुळे उष्णता कमी होते आणि त्याबरोबर उपलब्ध शक्तीही घटते. ४ ओहमच्या स्पीकरसाठी वापरपुस्तिकेत ती सेटिंग बंधनकारक सांगितली नसेल, तर तिला हात लावू नये.

८. ५.१, ७.२, ५.१.२ हे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा कानाच्या उंचीवरील स्पीकरांचा, दुसरा सबवूफरांचा आणि तिसरा डोक्यावरच्या किंवा वर रोखलेल्या स्पीकरांचा. ५.१.२ चालवायला सात ॲम्प्लिफायर लागतात, कारण सबवूफरमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, म्हणून ‘७.२ चॅनेलचा’ रिसीव्हर एकतर ७.१ चालवतो किंवा ५.१.२, दोन्ही एकदम नाही.

येथे एक फसगत होते. काही रिसीव्हर ‘११ चॅनेल प्रक्रिया, ९ चॅनेल ॲम्प्लिफायर’ अशा स्वरूपाचे असतात. म्हणजे ध्वनी अकरा वाटांनी उलगडतो, पण स्पीकर चालवण्याची ताकद नऊंनाच. उरलेल्या दोहोंसाठी प्री-आउट जोडणीवर (बळ देण्याआधीचा संकेत बाहेर काढणारी जोडणी) बाहेरचा ॲम्प्लिफायर लावावा लागतो. भविष्यात ७.१.४ करायचे मनात असेल, तर हा आकडा आणि प्री-आउट दोन्ही पाहावेत. एरवी पाच चांगले स्पीकर नऊ सुमार स्पीकरांपेक्षा केव्हाही बरे.

९. ‘.२’ म्हणजे दोन सबवूफर स्वतंत्रपणे चालतात का?

खालच्या श्रेणीत बहुधा नाही. मागे दोन जोडण्या असतात, पण आतून त्या एकच असतात. दोन्ही सबवूफरांना तोच संकेत, तोच विलंब आणि तीच पातळी मिळते. स्वतंत्र असतील तर माहितीपत्रकात तसे ठळकपणे सांगितलेले असते. न सांगितल्यास एकच समजावी.

१०. दोन्ही मॉडेलांवर ‘एचडीएमआय २.१’ लिहिले आहे. मग त्या बाबतीत दोन्ही सारखेच?

नाही. ‘२.१’ हे एका मोठ्या नियमावलीचे नाव आहे; ती नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. नियमावलीत कमाल वेग सेकंदाला ४८ गिगाबिट असला, तरी रिसीव्हरांत ४० किंवा २४ गिगाबिटच्या जोडण्याही आढळतात. ४के चित्र, सेकंदाला १२० चौकटी, १० बिट आणि रंग न छाटता हवे असेल, तर ४० गिगाबिट लागतात. चित्रपट आणि मालिका ४के ६० पर्यंतच असतात, त्यामुळे ज्यांच्याकडे गेम कन्सोल किंवा गेमिंगचा संगणक नाही, त्यांना एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटमध्येही काही कमी पडत नाही.

कन्सोल असेल तर पुढील गोष्टी तपासाव्यात: किती इनपुट ४० गिगाबिटचे आहेत, कारण सातांपैकी तीनच असू शकतात, व्हीआरआर (चित्राचा वेग खेळाप्रमाणे बदलणे) आणि एएलएलएम (टीव्ही आपोआप कमी विलंबाच्या स्थितीत जाणे) पुढे पाठवले जातात का, एचडीसीपी २.३ (नक्कल रोखणारे संरक्षण) आहे का; आणि डॉल्बी व्हिजन व एचडीआर १० प्लस या चित्रातल्या उजळ-गडद छटा वाढवणाऱ्या दोन्ही स्वरूपांना वाट मिळते का. २०२० साली बाजारात आलेल्या अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरांत एचडीएमआयच्या चिपमध्ये दोष होता आणि विशिष्ट कन्सोलचे ४के १२० चित्र टीव्हीवर काळे पडत असे. नंतर कुठे बाहेरून जोडायची डबी मिळाली, तर कुठे सर्किट बोर्ड बदलून मिळाला. त्या काळातले मॉडेल स्वस्तात मिळत असेल, तर ही दुरुस्ती झाली आहे का, हे आधी विचारावे.

११. जुना, पण उत्तम रिसीव्हर आहे. ४के जात नाही. बदलावाच लागेल का?

बहुतेकदा नाही. सगळी उपकरणे थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीचा ध्वनी परत रिसीव्हरकडे आणा. हा परतीचा मार्ग तीन प्रकारचा असतो. ऑप्टिकल केबलमधून स्टीरिओ किंवा साधे डॉल्बी व डीटीएस ५.१ येते; ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा ध्वनी, येत नाही. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलेल्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लसही येऊ शकते, आणि ॲटमॉसचा स्ट्रीमिंगमधला अवतार त्यातच बांधलेला असतो. म्हणजे ओटीटीवरचे ॲटमॉस ऐकायला ईआर्क अनिवार्य नाही. टीव्हीने तो संकेत पुढे सोडला पाहिजे आणि रिसीव्हरला ॲटमॉस कळले पाहिजे, इतकेच. ईआर्कची क्षमता सेकंदाला ३७ मेगाबिट असल्याने ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ काहीही न गाळता येते. ब्लू-रे प्लेयर नसेल आणि गेमचा बहुचॅनेल ध्वनी तितका महत्त्वाचा नसेल, तर केवळ ईआर्कसाठी रिसीव्हर बदलणे मला पटत नाही.

अडचण एवढीच की अनेक टीव्हींवर वेगवान जोडण्या दोनच असतात आणि त्यांतली एक ईआर्कचीच असते. दोन कन्सोल असलेल्या घरात हा उपाय अपुरा पडतो.

१२. ऑडिसी, डिराक, वायपाओ ही नावे दिसतात. यांना खरेच महत्त्व आहे का?

ही खोलीनुसार ध्वनी सुधारणाऱ्या यंत्रणांची नावे आहेत. महत्त्व आहे, आणि मला विचाराल तर माहितीपत्रकातली ही ओळ वॅटच्या ओळीपेक्षा आधी वाचावी. बंद खोलीत खर्जातले काही सूर भिंतींमधल्या अंतरामुळे फुगतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला फुगवटा ३४ हर्ट्झच्या आसपास येतो. पुढचे त्याच्या पटीत, शिवाय रुंदीचे आणि उंचीचे वेगळे. खोलीतली एखादी जागा अशी असते की तिथे ढोल घुमतो, आणि दोन पावले सरकले की तोच ढोल नाहीसा होतो. किमती ॲम्प्लिफायर आणल्याने यात काडीचाही फरक पडत नाही. मायक्रोफोनने मोजून हे फुगवटे दाबणारी यंत्रणा मात्र फरक पाडते.

तुलना करताना केवळ नाव पाहू नये, त्याची पायरी पाहावी. ऑडिसीच्या मल्टईक्यू, एक्सटी आणि एक्सटी३२ या पायऱ्यांत खर्ज सुधारण्याची बारकाई बरीच वाढत जाते. डिराक काही मॉडेलांत सुरुवातीला फक्त ५०० हर्ट्झपर्यंत मिळते आणि पूर्ण पट्ट्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. काहींत तर सगळाच परवाना वेगळा असतो. यामाहाची वायपाओ, पायोनियरची एमसीएसीसी, अँथमची एआरसी जेनेसिस यांचेही असेच पाहावे. दुरुस्ती कोणत्या वारंवारतेपर्यंत करायची हे स्वतः ठरवता येते का, हा सर्वांत कामाचा प्रश्न. खोलीचा गोंधळ मुख्यतः काहीशे हर्ट्झच्या खाली असतो. त्यावरचा स्पीकरचा मूळ स्वभाव न बदललेला अनेकांना आवडतो.

मोजणी करताना मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नये. पहिल्या वेळी मी नेमके तेच केले होते. पाठीच्या गादीने वरचे सूर शोषले, यंत्रणेने ते कमी आहेत असे समजून वाढवले, आणि आठवडाभर मी नव्या रिसीव्हरला कर्कश म्हणत राहिलो. कॅमेऱ्याची तिपाई घ्यावी, मायक्रोफोन कानाच्या उंचीवर आणि पाठीपासून वीतभर दूर ठेवावा.

१३. अमुक कंपनीचा आवाज ‘उबदार’, तमुकचा ‘धारदार’ म्हणतात. खरे काय?

क्षमतेच्या आत चालणाऱ्या, दोषरहित रिसीव्हरांत ध्वनिसुधारणा बंद ठेवली तर फरक फार थोडा उरतो. जो फरक जाणवतो त्याचे मूळ बहुधा पातळीत असते: अर्धा-पाऊण डेसिबल मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो.

स्वतः ताडून पाहायचे असेल तर एक साधा मल्टिमीटर आणा. १०० हर्ट्झचा अखंड सूर लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या सुया स्पीकरच्या टोकांना लावा आणि पहिल्या रिसीव्हरवर २.०० व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. मग तोच स्पीकर दुसऱ्या रिसीव्हरला जोडून पुन्हा २.०० आणा. २.०२ पर्यंत चूक चालेल; ती ०.१ डेसिबलच्याही आत आहे. आता सूर बंद करून दोन्हींवर तेच गाणे त्याच पातळीवर ऐका, आणि जोडणी कोणती हे दुसऱ्याला ठरवू द्या. या प्रयोगात आणखी एक गोष्ट कळते. ८ ओहमवर २ व्होल्ट म्हणजे अवघा अर्धा वॅट, आणि तेवढ्यानेच खोली किती भरते हे ऐकून वॅटच्या जाहिराती नव्याने वाचाव्याशा वाटतात.

डिजिटल आकड्यांचा ध्वनिसंकेत करणारी आतली डीएसी चिप कोणत्या कंपनीची, यावर निर्णय घेऊ नये.

१४. आवाजाचा आकडा उणे का दाखवतो? माझा उणे ३० वरच मोठा वाटतो, शेजारच्याचा उणे १५ वर.

मायक्रोफोनची मोजणी (प्रश्न १२) पूर्ण झालेल्या रिसीव्हरवर शून्य म्हणजे चित्रपटगृहाची प्रमाणित पातळी: प्रत्येक मुख्य चॅनेलचे सर्वोच्च शिखर १०५ डेसिबल आणि खास खर्जाच्या चॅनेलचे ११५. उणे ३० म्हणजे त्याच्या ३० डेसिबल खाली. घरात शून्यावर कोणी फार वेळ ऐकत नाही. हा आकडा स्पीकर, खोली आणि मोजणी यांवर अवलंबून असल्याने दोन घरांतल्या आकड्यांवरून ताकदीची तुलना करता येत नाही.

१५. रेकॉर्ड प्लेयर जोडायचा आहे. फोनो इनपुट नसेल तर?

कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग. त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकाराचा संकेत साधारण ५ मिलिव्होल्टचा असतो आणि रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबलेला व वरचे सूर वाढवलेले असतात. ते उलटवणारी आरआयएए दुरुस्ती फोनो इनपुटमध्ये असते. ते नसेल तर बाहेरचा फोनो प्री-ॲम्प लावावा. रेकॉर्ड प्लेयरमध्येच तो बसवलेला असेल, तर कोणतेही साधे इनपुट चालते. मात्र दोन्ही एकदम चालू ठेवल्यास आवाज गढूळ आणि अतिमोठा होतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा संकेत त्याहून क्षीण असतो आणि बहुतेक रिसीव्हरांचे फोनो इनपुट त्याला पुरत नाही.

१६. झोन २ मध्ये दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज येईल का?

झोन २ म्हणजे त्याच रिसीव्हरवरून दुसऱ्या खोलीत वेगळा ध्वनी ऐकवण्याची सोय. हे विकत घेण्याआधी वापरपुस्तिकेत पाहावे. पुस्तिका सहसा कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत असते. अनेक मॉडेलांत झोन २ ला फक्त ॲनालॉग उपकरणे आणि नेटवर्कवरचे संगीत मिळते, एचडीएमआय किंवा ऑप्टिकलवरून येणारा ध्वनी मिळत नाही. शिवाय सात चॅनेलच्या रिसीव्हरवर झोन २ चालू केला की मुख्य खोलीतली दोन चॅनेल कमी होतात (प्रश्न ८).

१७. बंद कपाटात ठेवला तर?

नको. वर आणि बाजूंना पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवावी. वर दुसरे उपकरण तर मुळीच ठेवू नये. कपाटाशिवाय इलाज नसेल, तर डी वर्गाचा कमी उंचीचा रिसीव्हर पाहावा.

१८. वापरलेला रिसीव्हर घेताना काय तपासावे?

स्वतःचा एक लहान स्पीकर आणि वायर घेऊन जा आणि प्रत्येक चॅनेलला तो लावून चाचणीचा सूर ऐका; दोनच चॅनेल ऐकून परत येणे ही नेहमीची चूक आहे. मग प्रत्येक एचडीएमआय इनपुटवर चित्र पाहा, कारण जुन्या रिसीव्हरांत सर्वांत आधी बहुधा हाच भाग जातो आणि तो बोर्ड मिळणे अवघड असते. आवाजाची चकती फिरवताना खरखर होते का आणि अर्धा तास चालवल्यावर आपोआप बंद पडतो का, तेही बघा. मोजणीचा मूळ मायक्रोफोन सोबत आहे ना, हे विचारायला विसरू नका. दुसऱ्या मॉडेलचा मायक्रोफोन लावला तर मोजमाप चुकते. शेवटी फॅक्टरी रीसेट करून, जुन्या मालकाची खाती निघाली का, ते पाहा.

१९. नवा रिसीव्हर मोठ्या आवाजात बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. परत करावा का?

आधी वायरी पाहा. हा दिवा बहुतेकदा संरक्षण-यंत्रणेचा असतो. माझ्याकडे एकदा असेच झाले आणि मी रिसीव्हर खोक्यात परत भरूनही ठेवला होता. वायरी सोडवताना टॉर्चच्या उजेडात दिसले की मधल्या स्पीकरच्या लाल टोकातला तांब्याचा एक केसाएवढा धागा बाहेर राहिला होता आणि काळ्या टोकाला टेकत होता. धागे पिळून आत घालावेत किंवा बनाना प्लग लावावेत. वायरी ठीक असतील तर उष्णता (प्रश्न १७) आणि स्पीकरचा इम्पीडन्स (प्रश्न ७) तपासावा. सगळ्या वायरी काढल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर दोष आतला आहे; तेव्हा मात्र परत करावा.

२०. पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडायचा आहे. कोणताही रिसीव्हर चालेल?

प्री-आउट असलेलाच चालेल, आणि तेही हव्या त्या चॅनेलांसाठी. काही मॉडेलांत ते फक्त पुढच्या दोहोंसाठी असतात. स्वस्त रिसीव्हरांच्या प्री-आउटमधून पुरेसा विद्युतदाब स्वच्छ न मिळण्याचीही शक्यता असते, म्हणून पॉवर ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीला किती व्होल्ट मागतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. वापरात नसलेले आतले ॲम्प्लिफायर पूर्ण बंद करण्याची सोय असल्यास उत्तम. मग आतला वीजपुरवठा उरलेल्या चॅनेलांच्या वाट्याला येतो.

२१. सगळे तपासले, दोन मॉडेले तंतोतंत सारखी ठरली. आता?

दोन्हींच्या वापरपुस्तिका उघडा आणि रोज लागणारी चार कामे शोधा: संवादाचा आवाज वाढवणे, रात्रीसाठी चढउतार कमी करणे, ओठ आणि आवाज यांची जुळवणी, सबवूफरची पातळी. ज्या रिसीव्हरवर ही कामे टीव्हीवरचे चित्र न झाकता, रिमोटच्या एक-दोन कळांत होतात, तो घ्यावा. सबवूफरची पातळी बदलायला पाच मेनू खाली उतरावे लागणारा रिसीव्हर मी तीन वर्षे वापरला आहे.